विश्लेषण : नव्या मालिकांच्या हंगामात नागपूरकरांनी कशाची वाट पाहावी?

गणपती बसण्याच्या सुमारास मराठी वाहिन्यांवर ‘लवकरच’ हा शब्द वारंवार दिसू लागतो. नायिकेचा चेहरा, एखादे अर्धवट वाक्य, शीर्षकगीताची झलक आणि खाली ‘लवकरच’. काही दिवसांनी तारीख येते, मग वेळ येते. त्या वेळेला आधीपासून चालू असलेल्या मालिकेतल्या कुटुंबाला वर्षानुवर्षे दडवलेली गुपिते पंधरा दिवसांत उघडी करावी लागतात. प्रेक्षकांना उत्सुकता असते ती कलाकारांची आणि गोष्टीची. विदर्भातल्या प्रेक्षकाच्या मनात मात्र आणखी एक प्रश्न असतो. नव्या मालिकेतली माणसे कुठली असणार? ठाण्याची, कोल्हापूरची, साताऱ्याची, की यंदा तरी आपल्याकडची? हे ठरते कसे, ठरवतो कोण आणि त्यात नागपूरचे वजन किती, याचा हा वेध.

मराठी मालिकांना ‘हंगाम’ असतो का?

अमेरिकेत असतो तसा नाही. तिकडे सप्टेंबरमध्ये नव्या मालिका सुरू होतात, वीस-बावीस भाग होतात आणि मेपर्यंत त्या वर्षाचा पडदा पडतो. आपल्याकडे दूरदर्शनच्या काळात मालिका १३ भागांच्या हिशेबाने मंजूर होत, त्यामुळे ती कधी संपणार हे सुरुवातीलाच ठाऊक असे. रोजच्या मालिकांनी तो हिशेब मोडला. १९९९ मध्ये अल्फा मराठी (आताची झी मराठी), २००० मध्ये ई टीव्ही मराठी (आताची कलर्स मराठी) आणि २००८ मध्ये स्टार प्रवाह आली. दरम्यान ‘चार दिवस सासूचे’ २००१ मध्ये सुरू झाली ती २०१३ पर्यंत चालली. तीन हजारांहून अधिक भाग! अशा मालिकेला हंगाम नसतो, आयुष्य असते.

तरीही नव्या मालिकांची लाट वर्षातून साधारण दोनदा येतेच. कारण हंगाम गोष्टींचा नसला तरी जाहिरातींचा असतो. गणेशोत्सव ते दिवाळी हा खरेदीचा काळ. सोने, साड्या, दुचाकी, मसाले, रंग, सगळ्यांच्या जाहिराती याच काळात वाढतात आणि जाहिरातीच्या दहा सेकंदांचा भाव मालिकेच्या रेटिंगवर ठरतो. त्यामुळे दिवाळीपूर्वी मालिका रुजलेली असावी लागते. दिवाळीतच सुरू करून चालत नाही. दुसरी लाट फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. समोर गुढीपाडवा असतो आणि त्याहून मोठा पाहुणा म्हणजे आयपीएल, जो संध्याकाळी साडेसातलाच रिमोटवर हक्क सांगतो. त्याच्या आधी प्रेक्षकाला गोष्टीत गुंतवलेले बरे.

१८ मार्च २०२४ हा सोमवार या गणिताचा नमुना होता. झी मराठीने त्या दिवशी ‘नवरी मिळे हिटलरला’ आणि ‘पुन्हा कर्तव्य आहे’ सुरू केल्या, तर स्टार प्रवाहने त्याच दिवशी ‘घरोघरी मातीच्या चुली’ आणि ‘साधी माणसं’. चारच दिवसांनी आयपीएल सुरू झाले आणि तीन आठवड्यांनी पाडवा होता. मालिका जोडीने आणल्या जातात, कारण एकीची जाहिरात दुसरीला लागून होते आणि प्रेक्षक सलग तासभर एका वाहिनीवर बसतो.

गंमत अशी की पडद्यावर पत्रिका, मुहूर्त आणि अपशकुन यांचा सुकाळ असला तरी वाहिन्या स्वतः पंचांग पाहत नाहीत. ‘सावळ्याची जणू सावली’ २३ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाली. ‘लपंडाव’ आणि ‘नशीबवान’ १५ सप्टेंबर २०२५ रोजी आल्या. तिन्ही मालिकांचा शुभारंभ ऐन पितृपक्षातला. नवरात्राच्या आधी एक-दोन आठवडे हाती मिळावेत, हा व्यवहार मुहूर्तापेक्षा मोठा ठरला.

जुनी मालिका जाणार, हे आधी कसे ओळखावे?

मोकळी वेळ अशी नसतेच. नवी मालिका येते ती कोणाची तरी जागा घेऊन. म्हणून ‘काय नवीन येणार’ याचा अंदाज ‘काय जाणार’ यावरून बांधता येतो. रात्री आठ किंवा साडेआठची मालिका अचानक संध्याकाळी सहाला किंवा रात्री अकराला हलवली, की बहुतेकदा तिचे दिवस भरले असे समजावे. कथानक एकदम पाच-सात वर्षांनी पुढे गेले, दोन मालिकांच्या कुटुंबांचा ‘महासंगम’ झाला, खलनायिका एका आठवड्यात दोनदा पकडली गेली, हीही लक्षणे आहेत. मात्र काळाची उडी हा दरवेळी निरोप नसतो. कधी कधी ते सलाइन असते आणि त्यावर मालिका आणखी वर्षभर जगते.

पसंती मोजते कोण?

‘ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल’ म्हणजे ‘बार्क’. या संस्थेचे आकडे एप्रिल २०१५ पासून येऊ लागले. देशभरातल्या ५५ हजारांहून अधिक घरांत तिची यंत्रे आहेत आणि ही घरे कोणती हे गुप्त ठेवले जाते. वाहिनीच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी खूण मिसळलेली असते. घरातले यंत्र ती खूण टिपते आणि कोणती वाहिनी किती मिनिटे चालू होती याची नोंद ठेवते. टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाने आपल्या नावाचे बटण दाबायचे असते, म्हणजे पाहणारी आजी होती की नातू हेही कळते. शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरून आकडे पुढच्या गुरुवारी जाहीर होतात. मालिकांच्या सेटवर गुरुवार हा निकालाचा वार असतो तो यामुळे.

यातली नागपूरच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, मराठी वाहिन्यांची ओढाताण चालते ती ‘महाराष्ट्र-गोवा’ या एकाच बाजारपेठेच्या आकड्यावर. इतवारीत एखादी मालिका घराघरांत पाहिली गेली आणि सांगलीत कोणी पाहिली नाही, तर वाहिनीच्या यशाचा जो आकडा मिरवला जातो त्यात इतवारी वेगळी उठून दिसत नाही. शिवाय नागपूर १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांत-वऱ्हाडाची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होते. इथल्या मराठी घरातही हिंदी परकी नाही आणि संध्याकाळचा रिमोट हिंदी वाहिनीकडे सहज वळतो. मराठी वाहिनीच्या हिशेबात असा प्रेक्षक पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या प्रेक्षकापेक्षा कमी भरवशाचा ठरतो. मग त्याला आपलेसे वाटेल असे काही करायचे कशाला, असा विचार होतो. आणि तसे काही नसल्यामुळे तो प्रेक्षक आणखी हिंदीकडे जातो. हा फेरा कोणीतरी कुठेतरी तोडल्याशिवाय तुटत नाही.

मोजणीच्या पद्धतीतला बदल पडद्यावर काय करू शकतो, याचा पुरावा आपल्याकडे आहे. ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण घरांचे आकडेही येऊ लागले. त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांत मराठी मालिकेने दिवाणखाना सोडून गावाची वाट धरली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ सिंधुदुर्गातल्या आकेरीत गेली आणि मालवणी बोलू लागली. त्याच वर्षी ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात रंगली. २०१७ मध्ये ‘लागिरं झालं जी’ने सातारा जिल्ह्यातल्या फौजींचे घर दाखवले. या मालिकांची घरे पाहायला पुढे लोक गाड्या करून जाऊ लागले. या बदलाचे एकमेव कारण रेटिंग होते असे म्हणता येणार नाही, पण गावातला प्रेक्षक आकड्यांत दिसू लागल्यावर तो पडद्यावरही दिसू लागला, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

नवी मालिका कितपत नवी असते?

बऱ्याचदा ती दुसऱ्या भाषेत यशस्वी झालेली असते. ‘आई कुठे काय करते’चे मूळ बंगाली ‘श्रीमोयी’मध्ये आहे, तर ‘ठरलं तर मग’चे तमिळ ‘रोजा’मध्ये. ‘सावळ्याची जणू सावली’ बंगाली ‘कृष्णकली’वरून आली आणि ‘लक्ष्मी निवास’ त्याच नावाच्या कन्नड मालिकेवरून. मोठ्या समूहांच्या वाहिन्या अनेक भाषांत असल्यामुळे एकीकडे चाललेली गोष्ट दुसरीकडे नेणे स्वस्त आणि कमी जोखमीचे असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि व्हायकॉम१८ एकत्र आल्यापासून तर स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या कालच्या स्पर्धक वाहिन्याही एकाच मालकीच्या आहेत.

रूपांतर वाईटच असते असे नाही. ‘आई कुठे काय करते’ पाच वर्षे चालली ती मराठी घरातली अरुंधती प्रेक्षकांना ओळखीची वाटली म्हणूनच. पण कोलकात्यातले किंवा चेन्नईतले कुटुंब मराठीत आणायचे तर ते ‘कुठलेही’ कुटुंब करून आणावे लागते. त्यांची भाषा पुण्या-मुंबईची प्रमाण मराठी होते, घर मोठे आणि गाव अस्पष्ट होते. प्रदेशाचा रंग मूळ संहितेतच असेल तर टिकतो, नंतर वरून फासलेला उडतो.

२०१६ मध्ये नेमके काय घडले?

२२ ऑगस्ट २०१६ रोजी झी मराठीवर ‘माझ्या नवऱ्याची बायको’ सुरू झाली. गुरुनाथ सुभेदार, त्याची पत्नी राधिका आणि त्याची प्रेयसी शनाया असा सरळ त्रिकोण. गोष्ट जुनीच, पण राधिका नागपूरची होती. मुंबईच्या सोसायटीत ती नागपुरी वळणाने बोलत असे. नवऱ्याला तिची लाज वाटण्याच्या कारणांत तिची भाषाही होती, ही या मालिकेतली खरी धारदार गोष्ट. पुण्या-मुंबईत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या वैदर्भीय मुला-मुलींना ते वेगळे समजावून सांगावे लागले नाही. ‘मी जेवून राहिलो’ म्हटल्यावर समोरचा हसतो आणि पुढच्या वेळी आपण ‘मी जेवतोय’ म्हणतो, हा अनुभव तिकडे अनेकांच्या गाठीला आहे.

राधिका बोलण्याचे वळण न बदलता जिंकत गेली. मसाल्यांचा उद्योग उभा केला, कंपनी थेट तीनशे कोटींवर नेली. त्या तीनशे कोटींची समाजमाध्यमांवर इतकी थट्टा झाली की मालिका न पाहणाऱ्यांनाही आकडा पाठ झाला. थट्टा रास्तच होती, वर्षा-दोन वर्षांत पोळपाटावरून शेअर बाजारात पोचणे अवघडच! पण रोज रात्री आठ वाजता महाराष्ट्रभरच्या घरांत नागपुरी हेल ऐकू येत होता आणि तो नायिकेच्या तोंडी होता. मालिका मार्च २०२१ पर्यंत, म्हणजे साडेचार वर्षे चालली आणि तिचा बराच काळ ती लोकप्रियतेच्या यादीत अग्रभागी होती. प्रादेशिक वळण प्रेक्षकाला दूर लोटते, हा समज तिथे खोटा ठरला.

दोन गोष्टी त्याबरोबर सांगायला हव्यात. एक, राधिकाची भूमिका करणाऱ्या अनिता दाते नाशिकच्या. त्यांनी ती बोली आत्मसात केली आणि हे श्रेय त्यांचेच, पण विदर्भाच्या रंगभूमीवर जन्मापासून ही भाषा बोलणाऱ्या अभिनेत्री असताना निवड बाहेर झाली, हेही खरे. दोन, राधिकाची भाषा कुठल्याही एका तालुक्याची नव्हती. नागपूर-वर्ध्याची नागपुरी, अमरावती-अकोल्याची वऱ्हाडी आणि भंडारा-गडचिरोलीकडची झाडीबोली या वेगळ्या आहेत. ‘मले-तुले’, ‘काऊन’, ‘करून राहिली’ यांची मोट बांधली की मुंबईला ते एकच ‘वऱ्हाडी’ वाटते. सर्वांना समजावे म्हणून ती सौम्यही केली जाते. हे टीव्हीपुरते समजून घेता येते, पण पुढच्या वेळी थोडी अधिक काळजी घ्यावी एवढी अपेक्षा गैर नाही.

मग दुसरी राधिका का आली नाही?

तितकी गाजलेली आणि तितकी टिकलेली दुसरी वैदर्भीय नायिका सहज आठवत नाही. नेहमीचे कारण दिले जाते ते अंतराचे. नागपूर मुंबईपासून सुमारे आठशे किलोमीटर. रोजच्या मालिकेचे भाग हाती फार थोडे शिल्लक असतात, कलाकारांची शनिवार-रविवारी नाटके असतात, तांत्रिक सामग्री आणि माणसे मुंबईत असतात. कारणात तथ्य आहे, पण आकेरीही काही गोरेगावच्या चित्रनगरीच्या मागे नाही. आणि एप्रिल २०२१ मध्ये करोनामुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबले तेव्हा याच मालिकांचे चमू पाहता पाहता गोव्यात आणि दमणमध्ये जाऊन कामाला लागले होते. निकड असली की अंतर आडवे येत नाही. शिवाय राधिकाचा संसार मुंबईतच होता. नागपूरचे माणूस दाखवायला चित्रीकरण नागपुरातच व्हायला हवे असेही नाही. रामटेकजवळ चित्रनगरी उभारण्याचे राज्य सरकारने जाहीर केले आहे. ती होईल तेव्हा इथल्या तंत्रज्ञांना काम मिळेल हे नक्की, पण जागा तयार झाली म्हणून संहिता तयार होत नाही.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. विदर्भाची बोली पडद्यावर येते ती बहुधा विनोदाच्या खात्यात. भारत गणेशपुरे यांनी ‘चला हवा येऊ द्या’मधून वऱ्हाडी ढंग महाराष्ट्रभर पोचवला आणि त्यांच्या टायमिंगला तोड नाही. अडचण त्यांची नाही, त्यानंतर लेखकांनी धरलेल्या सोप्या वाटेची आहे. घरात आलेला विसरभोळा पाहुणा, भाबडा नोकर, पोलीस ठाण्यातला हवालदार, यांच्या तोंडी वऱ्हाडी घातली की प्रसंग हलका होतो. पण न्यायालयात बाजू मांडणारी वकील, शस्त्रक्रियेला निघालेला डॉक्टर किंवा प्रेमात पडलेला तरुण तीच भाषा बोलताना दिसत नाही. नागराज मंजुळे यांनी २०२२ च्या ‘झुंड’मध्ये नागपूरच्या वस्त्यांतली मुले नागपुरातूनच निवडली आणि त्यांना त्यांच्याच भाषेत बोलू दिले. तो चित्रपट हिंदी होता, ही आपल्या चर्चेतली बोचरी जागा.

विदर्भाचा स्वतःचा हंगाम कोणता?

नव्या प्रयोगांची वाट पाहणे विदर्भाला टीव्हीने शिकवलेले नाही. पूर्व विदर्भात दिवाळी झाली की झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो आणि साधारण होळीपर्यंत चालतो. गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज, म्हणजे वडसा, हे त्याचे केंद्र. तिथे नाट्यमंडळ्यांची कार्यालये आहेत. दरवर्षी नवी नाटके बसवली जातात आणि गावोगावची मंडळे मंडई, शंकरपटाच्या निमित्ताने ती ठरवून नेतात. रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. गावात त्या दिवशी पाहुणे उतरतात, सोयरिकीही जुळतात. मुंबईचे चित्रपट-मालिकांतले कलाकारही या मंचावर येऊन काम करतात. याच रंगभूमीवरचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

इथे नाटक चालणार की पडणार हे गुप्त घरांतले यंत्र ठरवत नाही. गावाने बोलावले तर प्रयोग होतो आणि पुढच्या वर्षी त्याच मंडळीला पुन्हा बोलवायचे का, हे त्याच रात्री मंडपात ठरते. टीव्हीवाल्यांनी ही रंगभूमी जशीच्या तशी उचलावी असे कोणी म्हणणार नाही. तिच्यात भडकपणा आहे, मेलोड्रामा आहे. पण तो तर मालिकांतही आहे! प्रश्न एवढाच की रात्र-रात्र उभे राहून बोलणारे, हजारोंना हसवणारे-रडवणारे शेकडो कलाकार इथे दर हिवाळ्यात काम करत असताना वाहिन्यांची निवड करणारी माणसे वडशाची वाट फारशी धरताना का दिसत नाहीत?

प्रोमो पाहताना काय पाहावे, काय ऐकावे?

नायिकेचे आडनाव आणि गाव पहिल्या प्रोमोत सांगितले आहे का, हे पाहावे. सांगितले असेल तर प्रदेशाला गोष्टीत काम आहे. लेखक आणि संवादलेखक कोण हे श्रेयनामावलीत शोधावे, कारण बोली टिकते ती संवादलेखकामुळे. ‘आधारित’ असा उल्लेख असेल तर मूळ मालिकेचे नाव शोधून पाहावे. अर्थात पुढचे सहा महिने आजच कळतील, ही जोखीम आहेच. आणि मालिका नागपूरची असल्याचे सांगितले गेलेच, तर तर्री-पोहे, संत्री आणि दीक्षाभूमीचे ड्रोनने टिपलेले दृश्य यांवर लगेच विरघळू नये. ते पहिल्या भागापुरते असते. राग आल्यावर, रडताना आणि बँकेत कर्ज मागताना पात्र कुठली भाषा बोलते, तिकडे कान द्यावा.

मालिका आवडली तर ती वाहिनीच्या वेळेलाच पाहणे महत्त्वाचे. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर पाहिलेला भाग गुरुवारच्या टीव्ही रेटिंगमध्ये धरला जात नाही आणि नव्या मालिकेबद्दल वाहिनीचे मत पहिल्या काही गुरुवारांतच बनू लागते. आपल्या घरात यंत्र असण्याची शक्यता तशी नगण्य. पण कुठल्याशा एका नागपुरी घरात ते आहेच, आणि साडेआठ वाजता तिथला रिमोट कोणाच्या हातात आहे, यावर बरेच काही अवलंबून आहे.